शिळफाट्याचा वर्ग

(स्मृतिव्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. त्यांच्या स्मृतिव्याख्यानासाठी संयोजकांनी मला विषय दिला तो आंतरराष्ट्रीय शाळांचा. सभागृहातल्या काही जुन्या शिक्षकांना हे खटकलं असेल, तर ते मी समजू शकतो. विषय मात्र मी आनंदानं घेतला. सर्वसमावेशकता, जागतिक नागरिकत्व, आधुनिक अध्ययन हे शब्द आज शाळांच्या माहितीपत्रकांत जागोजागी दिसतात. शब्द खरे आहेत, मोठे आहेत आणि त्यांच्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळाची मेहनत आहे. ती मेहनत कुठे आणि कोणासाठी झाली, हे पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. वेगवेगळ्या घरांतली मुलं एका वर्गात येऊन बसली, तेव्हा ही शिक्षणपद्धती घडली. मुलांमधला वेगळेपणा हाच तिचा कच्चा माल. आणि शिळफाट्याच्या पाच-सात किलोमीटरांत तो इतका आहे, की इथल्या शाळांनी मनावर घेतलं तर त्यांना आदर्शासाठी परदेशाकडे बघावं लागणार नाही. आज एवढंच मांडायचं आहे.

आधी जागा पाहू. शिळफाट्यावरून एक रस्ता मुंब्र्याकडे जातो, एक पनवेलकडे, एक महापेमार्गे नवी मुंबईत आणि एक कल्याणला. कल्याणच्या रस्त्याला लागलं की देसई, खिडकाळी, काटई, निळजे ही गावं येतात. खिडकाळीचं जुनं शिवमंदिर आणि त्याचं तळं येतं. मग पलावा या वसाहतीचे उंच मनोरे दिसू लागतात. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा शिळफाट्याशी येऊन संपतो, त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून आहेत. कालपर्यंत जिथे भातशेती होती, तिथे आज देशातलं सगळ्यात नवं बांधकाम चाललं आहे.

आता माणसं पाहा. पिढ्यान् पिढ्या इथली जमीन कसणारा आगरी समाज आहे, खाडीवर जगणारे कोळी आहेत. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून निघालेली असंख्य मुस्लिम कुटुंबं मुंब्र्यात स्थिरावली. वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून मजूर आले. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांतून मोठ्या घरात आलेले मराठी, मल्याळी, तमिळ, गुजराती नोकरदार आहेत. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. त्यांत लहान मुलंही होती. काम चालू असलेल्या त्या इमारतीत ती बांधणारे मजूर आपल्या बायकामुलांसह राहत होते. मोठ्या शाळांच्या चकचकीत इमारती उभारणारे हात याच वर्गातले आहेत. त्यांची मुलं कुठे शिकतात, हा प्रश्न आजच्या विषयाच्या बाहेरचा नाही. तोच आजचा विषय आहे.

या भागाला परदेश नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख कॅलिएना असा येतो. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. ठाण्यात १८७९चं बेने इस्रायलींचं सिनेगॉग आजही उभं आहे. पण मला सांगायची आहे ती कल्याणच्या एका मुलीची गोष्ट.

आनंदीबाई जोशी. जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचं नाव यमुना. भारतातली पहिली पदवीधर स्त्री-डॉक्टर म्हणून त्यांचं चरित्र आपल्याला पाठ असतं. मी त्यांच्याकडे आज एका विद्यार्थिनीच्या नात्यानं पाहतो, आंतरराष्ट्रीय वर्गात बसलेल्या पहिल्या मराठी मुलीच्या नात्यानं. १८८३च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं आणि आपण अमेरिकेला का जातो आहोत, ते जाहीरपणे सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्या म्हणाल्या. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या.

ऑक्टोबर १८८५मधलं त्या कॉलेजचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन तरुण स्त्रिया शेजारी शेजारी बसल्या आहेत. आनंदीबाई साडीत आहेत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, दमास्कसच्या साबात इस्लांबुली आपल्या देशाच्या वेषात. तिघींची भाषा वेगळी, धर्म वेगळा, ताटातलं अन्न वेगळं. पुढे तिघीही डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंना १८८६च्या मार्चमध्ये पदवी मिळाली, ओकामींना १८८९मध्ये आणि इस्लांबुलींना १८९०मध्ये. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतल्या पहिल्या डॉक्टर सुझन ला फ्लेश याच कॉलेजातून १८८९मध्ये बाहेर पडल्या. म्हणजे त्या काळात ज्या बायकांना वैद्यकशास्त्राच्या वर्गात सहसा कोणी बसू देत नसे, त्या इथे जमल्या होत्या.

आनंदीबाईंचा पदवीचा प्रबंध होता आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या आधुनिक कॉलेजनं या मुलीला तिच्या घरचं ज्ञान वर्गाबाहेर ठेवायला सांगितलं नाही. ते तपासायची, मांडायची मुभा दिली. साडी नेसून, शाकाहारी राहून, आपल्या लोकांच्या ज्ञानावर प्रबंध लिहून ती डॉक्टर झाली. सर्वसमावेशकता म्हणतात ती हीच. दार उघडणं हा तिचा अर्धा भाग झाला. आत येणाऱ्यानं स्वतःला उंबऱ्याबाहेर काढून ठेवू नये, हा उरलेला अर्धा. थंडीनं आणि क्षयानं आनंदीबाईंना पोखरलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, पुरत्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. ते दुःख मोठं आहे. पण फिलाडेल्फियातली ती तीन वर्षं आजच्या शिक्षणविचाराला अजून बरंच शिकवू शकतात.

आंतरराष्ट्रीय शाळांचा इतिहासही याच अंगानं पाहायला हवा. जिनिव्हाची इंटरनॅशनल स्कूल १९२४मध्ये सुरू झाली. पहिलं महायुद्ध संपलं होतं, राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना तिथे नुकत्याच आल्या होत्या आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा हवी होती. कालपर्यंत एकमेकांवर तोफा डागणाऱ्या देशांची मुलं एकत्र बसली. इतिहास शिकवायचा कोणाच्या बाजूनं, हा प्रश्न शिक्षकांपुढे पहिल्याच दिवशी उभा राहिला असेल. त्या प्रश्नाशी झगडता झगडता एक शिक्षणविचार घडला. त्यातूनच पुढे १९६८मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आपण ज्याला आयबी म्हणतो ते मंडळ, आकाराला आलं. समोरचा माणूस माझ्यापेक्षा वेगळा असूनही बरोबर असू शकतो, ही भूमिका त्या मंडळाच्या ध्येयधोरणात लिहिलेली आहे. समोर वेगळा माणूस बसलेला होता, म्हणून ते वाक्य सुचलं.

शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांचा विचार याच जातीचा. नाझी राजवटीनं त्यांना जर्मनी सोडायला लावली. शीतयुद्धाच्या काळात, १९६२मध्ये, वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज सुरू झालं ते त्यांच्या प्रेरणेनं, देशोदेशींच्या मुलांना एकत्र राहायला लावायचं म्हणून. त्या परिवारातलं एक कॉलेज १९९७पासून आपल्या मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे डोंगरावर आहे. तिथे मुलं निवडताना देश, परिस्थिती, अनुभव यांची सरमिसळ व्हावी याची मुद्दाम काळजी घेतली जाते, शिष्यवृत्त्या दिल्या जातात. सरमिसळ आपोआप होत नाही, ती घडवावी लागते आणि तिच्यासाठी पैसा बाजूला ठेवावा लागतो, हे त्यांनी मान्य केलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं युरोपचं झालं. तर जुन्या ठाणे जिल्ह्याकडे या. वाट मात्र रोमवरून जाते.

मारिया माँटेसरींनी आपलं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत उघडलं. तिथे एका बांधकाम कंपनीनं मजूर कुटुंबांसाठी जुन्या इमारती दुरुस्त करून घेतल्या होत्या. आईबाप कामावर गेले की लहान मुलं जिने-भिंती खराब करत, त्यांची काही सोय करावी म्हणून ती जागा माँटेसरीबाईंना मिळाली. ज्या पद्धतीचं नाव आज उत्पन्न चांगलं असलेल्या घरांशी जोडलं जातं, ती जन्मली इमारतींच्या प्रकल्पातल्या मजुरांच्या मुलांबरोबर. शिळफाट्यावर उभं राहून ही गोष्ट आठवली की मला रोम फार जवळ वाटतं.

ती पद्धत ताराबाई मोडकांनी आपल्याकडे आणली. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं, १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पण शहरातल्या सुखवस्तू मुलांवर त्यांचं समाधान होईना. १९४५मध्ये त्या बोर्डीला गेल्या. बरोबर होत्या अनुताई वाघ, तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, स्वतःच्या जिद्दीवर शिकलेल्या. त्याच वर्षी त्याच पट्ट्यात गोदावरी परुळेकरांबरोबर वारली समाज वेठबिगारीविरुद्ध उभा राहत होता. बोर्डीतल्या दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात गेली. १९५७मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेल्या. तिथली मुलं गुरं राखायला जात, शाळेच्या वेळेत हाती लागत नसत. मग शाळा कुरणात गेली, गुरं चरत असताना मुलं शिकू लागली. माँटेसरीची लाकडी साधनं महाग होती. ताराबाई-अनुताईंनी बिया, शिंपले, खडे, पानं घेतली आणि मोजणं, लावणं, जुळवणं त्यांवर शिकवलं. पद्धत इटलीची राहिली, साधनं कोसबाडची झाली.

या दोघींचं काम मी मुद्दाम विस्तारानं सांगितलं. आंतरराष्ट्रीय शिक्षणाचं आपल्या मातीतलं सर्वांत चांगलं उदाहरण मला विचाराल, तर ते कोसबाड आहे. तिथे बाहेरची पद्धत पूर्ण आदरानं शिकून घेतली गेली. मग समोरच्या मुलाकडे बघून ती बदलली. मुलाला पद्धतीसाठी बदलायला कोणी लावलं नाही.

शाळेनं मुलापाशी जाण्याची ही परंपरा ठाणे जिल्ह्यात तुटलेली नाही. विधायक संसद या संस्थेनं नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर उड्डाणपुलाखाली २०१६च्या जूनमध्ये सिग्नल शाळा सुरू झाली, महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांच्या प्रयत्नांतून. सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणारी मुलं त्या शाळेत शिकली आणि दहावीपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी ८ मार्चला मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा भरली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका पाठीवर दप्तर घेऊन पाटीवर आपलं नाव लिहायला शिकल्या.

आणि जागतिक नागरिकत्व म्हणाल, तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीकडे पाहा. जिल्हा परिषदेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२०मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी ते ओळखले जातात. भांडणाऱ्या देशांतल्या मुलांची एकमेकांशी ओळख करून देणारा, सीमा ओलांडणारा त्यांचा उपक्रम मात्र मला अधिक मोलाचा वाटतो. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशा ठिकाणची मुलं त्यातून एकमेकांशी बोलली. विनोबांनी ‘जय जगत्’ म्हटलं होतं. गागोदे या शिळफाट्याहून फारशा दूर नसलेल्या गावात जन्मलेल्या माणसाची ही घोषणा एका मराठी प्राथमिक शिक्षकानं वर्गात उतरवली.

सरकारी पातळीवरही प्रयत्न झाले. जिल्हा परिषदेच्या निवडक शाळांसाठी महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन झालं, शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेचं नाव तेव्हा घरोघरी पोहोचलं. पुढच्या सरकारनं ते मंडळ बंद केलं. मुंबई महापालिकेनं आपल्या काही शाळांत केंब्रिज आणि आयबीचा अभ्यासक्रम आणला, तोही विनाशुल्क. गरिबांच्या मुलांना असं शिक्षण झेपेल का, ही शंका या प्रयोगांनी मोडीत काढली. मंडळ बुडाल्याचं मला वाईट वाटतं. शिक्षणातल्या प्रयोगाला पीक यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, तेवढा धीर सरकारांनी धरायला हवा.

आता शिळफाटा ते कल्याण रस्त्यावरच्या आंतरराष्ट्रीय शाळांकडे येतो. या शाळांत चांगलं काय आहे, ते आधी मोकळेपणानं म्हणायला हवं. मूल तिथे प्रश्न विचारायला घाबरत नाही. घोकंपट्टीपेक्षा शोध घेण्याला मान आहे. आयबीच्या अकरावी-बारावीत विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या विषयावर चार हजार शब्दांचा शोधनिबंध लिहावा लागतो, ज्ञान म्हणजे काय यावर विचार करावा लागतो, समाजात जाऊन काम करावं लागतं. सतरा वर्षांच्या मुलाकडून एवढी अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याचा सन्मान करणं. आपल्या सगळ्याच मुलांना हे मिळावं असं मला मनापासून वाटतं.

मग शोध कशाचा घ्यायचा? समुद्राची पातळी वाढते आहे, हा विषय जगभरच्या वर्गांत असतो. मुलं नेदरलँड्सच्या बांधांची चित्रं काढतात. पण खाडीच्या काठच्या आगरी शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं खारबंदिस्ती केली, भरतीचं पाणी अडवलं, उघाडीतून पावसाचं पाणी सोडलं आणि खाऱ्या जमिनीत भात पिकवला. ते ज्ञान ज्यांच्या हातात आहे, अशा आज्या-आजोबा शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या गावात अजून आहेत. त्यांना वर्गात बोलवा. तसंच, डोंबिवलीच्या एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मे महिन्यात रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले आणि माणसं मेली. कारखाना आणि वस्ती इतकी जवळ कशी आली, कोणतं रसायन का पेटतं, कायदा काय सांगतो, हा रसायनशास्त्राचा, भूगोलाचा आणि नागरिकशास्त्राचा एकत्र धडा आहे. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून सहा वर्षं जमिनी न कसता संप केला. आयर्लंडच्या किंवा चीनच्या कुळांबरोबर त्यांचा अभ्यास व्हायला काय हरकत आहे?

मुंब्र्याचं तर मी हात जोडून सांगतो. शिळफाट्याहून मुंब्रा चार-पाच किलोमीटर. या रस्त्यावरच्या शाळेतलं मूल व्हिडिओ कॉलवर फिनलंडच्या मुलाशी बोलतं, ते चांगलंच आहे. पण मुंब्र्यातल्या उर्दू शाळेतल्या मुलाशी ते एकदा तरी बोललं आहे का? एकमेकांच्या शाळेच्या मैदानावर दोघं कधी खेळले आहेत का? पिढीभरापूर्वीच्या दंगलींनी आखलेली रेष मुलांच्या मनात आपण न सांगता उतरत राहते. ती पुसायचं काम जगात कुठल्या शाळेचं असेल, तर ते जागतिक नागरिकत्वाचं नाव घेणाऱ्या शाळेचं आहे. जिनिव्हात फ्रेंच आणि जर्मन मुलं एका वर्गात बसली होती.

भाषेबद्दल थोडं. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. कायदा आवश्यक होता असं मी मानतो. पण तास भरून काढायचा म्हणून शिकवलेली मराठी कोणाच्या मनात रुजत नाही. पलावात राहणाऱ्या मल्याळी मुलासाठी मराठी ही शेजाऱ्याशी बोलायची भाषा आहे, भाजीवालीशी आणि रिक्षावाल्याशी बोलायची भाषा आहे. तशी ती शिकवा, त्याला ती आवडेल. दुसरीकडे, देसईतली आगरी मुलगी आंतरराष्ट्रीय शाळेत आली की महिन्याभरात आपली बोली गेटवर टाकून येते, कारण कोणीतरी हसलेलं असतं. तिच्या घरची गाणी, धवळे, म्हणी वर्गात यायला हव्यात. आयबी मुलाच्या मातृभाषेला मोठं स्थान देतं, एखाद्या भाषेचा शिक्षक शाळेत नसला तरी त्या भाषेतलं साहित्य विद्यार्थ्यानं स्वतः अभ्यासावं अशी सोय त्यांच्याकडे आहे. आपल्याला तेवढं धोरणही लागणार नाही, वर्गात हसू न देणारी एक शिक्षिका पुरेल.

अपंग मुलांबद्दलही हेच. १९९४मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ सरकारांनी मान्य केलं की प्रत्येक मूल नेहमीच्या शाळेत शिकावं. आपल्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता आहे आणि शाळांवर जबाबदारी टाकली आहे. तरी स्वमग्न मुलाच्या आईला अनेकदा वर्गात मुलासोबत बसणाऱ्या शॅडो टीचरचा पगार स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. तो शाळेच्या अंदाजपत्रकात असायला हवा, जशी ग्रंथपालाची जागा असते तसा.

आता पंचवीस टक्क्यांच्या गोष्टीकडे येतो, कारण सगळं तिथे येऊन थांबतं.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क)नुसार, अल्पसंख्याक शाळा वगळता, विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या इयत्तेतल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१२मध्ये हे कलम वैध ठरवलं. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारनं नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट मिळाली. पालक उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती आली आणि १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयानं तो बदल रद्दच केला. त्या पाच महिन्यांत किती घरांत घालमेल झाली असेल, ते ज्यांनी या जागांसाठीच्या सोडतीच्या निकालाची वाट पाहिली आहे त्यांनाच कळेल.

सोडतीत नाव लागलेल्या आईची धावपळ मी जवळून पाहिली आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, भाडेकरार. झोपडीच्या भाड्याचा करार कोण नोंदवून देणार? ते जमलंच, तर पुढे गणवेश, पुस्तकं, बस, सहल, स्नेहसंमेलनाचे कपडे. घरी अभ्यास घ्यायला कोणी नाही, आणि शाळेच्या पालकसभेत सगळं इंग्रजीत. शाळांची बाजूही मी सांगेन. सरकारकडून मिळणारी प्रतिपूर्ती काही वर्षं प्रत्येक मुलामागे १७,६७० रुपये होती, या शाळांच्या फीपुढे ती तुटपुंजी आहे आणि वेळेवर येत नाही. ही थकबाकी सरकारनं द्यायलाच हवी, त्यासाठी शाळांच्या बरोबरीनं आपणही बोललं पाहिजे.

पण पंचवीस टक्क्यांकडे ओझं म्हणून पाहण्यात शाळांचंच नुकसान आहे. ज्या शाळेत सगळी मुलं एकाच प्रकारच्या फ्लॅटमधून, एकाच प्रकारच्या गाडीतून येतात, त्या शाळेत जिनिव्हाची पद्धत चालणार कशावर? दारिद्र्य या विषयावरचा प्रकल्प इंटरनेटवरून उतरवला जाईल. वर्गात भट्टीवरचा मुलगा असेल, तर तोच प्रकल्प वेगळा होईल, आणि त्या मुलाला विषय न बनवता त्याला बोलू कसं द्यायचं, हे शिक्षकालाही शिकावं लागेल. राखीव जागेवर आलेली मुलं शाळेला दिलेली देणगी आहेत. फी भरणारे पालक ज्या शिक्षणासाठी पैसे मोजतात, ते शिक्षण या मुलांशिवाय अपुरं राहतं. शाळेनं हे पालकांना सांगायला हवं, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

आणि कायदा आठवीपाशी थांबतो. पहिलीपासून आठ वर्षं एका बाकावर बसलेली मुलं नववीच्या उन्हाळ्यात वेगळी होतात. एकाची फी भरली जाते, दुसऱ्याची भरणं घरच्यांच्या आवाक्याबाहेर असतं. चौदा वर्षांच्या मुलाला त्या वयात, मित्रांसमोर, तू आमच्यातला नव्हतास असं सांगितलं जातं. माझ्या मते या सबंध व्यवस्थेत याहून क्रूर काही नाही.

याचा हिशेब मी करून आणला आहे. पहिलीच्या प्रवेशाला १२० जागा असलेली एक शाळा धरा. त्यातल्या ३० जागा राखीव. एकही मूल मध्ये गळलं नाही असं धरलं, तर नववी आणि दहावी मिळून अशी ६० मुलं असतील. पहिली ते दहावी शाळेत १२०० मुलं. या साठांना दहावीपर्यंत मोफत ठेवलं, तर फी भरणारी ९०० मुलं उरतात. साठ मुलांची फी त्या नऊशे घरांत वाटली, तर प्रत्येक घराची फी शंभर रुपयांमागे सहा रुपये सदुसष्ट पैशांनी वाढते. एखाद्या शाळेनं हा भार पालकांवर न टाकता अर्धा स्वतः उचलला, तर तीन रुपये तेहेतीस पैसे. पुढच्या सोडतीचे अर्ज सुरू होण्याआधी शिळफाटा ते कल्याण या रस्त्यावरच्या प्रत्येक शाळेनं हा हिशेब आपल्या पालकसभेत फळ्यावर मांडावा, मराठीत आणि इंग्रजीत, आणि पालकांना हात वर करायला सांगावं. राखीव जागांवरच्या मुलांचे पालकही त्या सभेत पुढच्या खुर्च्यांवर बसलेले असावेत.